रिमचं अर्धं माप

गाडीचा रिम बदलायचा तर तीन मापं घ्यावी लागतात. बोल्टांची भोकं किती आणि एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, मधलं भोक केवढं आहे, आणि रिमच्या कडेपासून आतली थाळी किती खोल बसली आहे. पहिली दोन चुकली तर चाक चढतच नाही, म्हणून त्यात कुणाचं काही बिघडत नाही. तिसरं चुकलं तर चाक चढतं, नट आवळले जातात, गाडी चालते, आणि मग भलत्याच ठिकाणी दगा देते. हे मला विशीतच माहीत झालं होतं. म्हणूनच एका म्हाताऱ्याला मी दोनच मापं दिली.

मी तेव्हा भिलाईत एका ठेकेदाराच्या गॅरेजात मिस्त्री होतो. कारखाना उभा राहत होता. मुरमाचे रस्ते सकाळी सारखे करायचे आणि संध्याकाळपर्यंत डंपर त्यांचा पुन्हा चिखल नाहीतर धुरळा करायचे. आमच्याकडे मुख्य काम डंपरांचं, पण साहेब लोकांच्या खासगी गाड्याही यायच्या. त्यात एक जुनी विलायती गाडी होती. तिचे मालक कारखान्यातले मोठे साहेब, नागपूरचे, मराठी. त्यांच्यासोबत त्यांचा ड्रायव्हरही नागपूरहून आला होता. मूळचा वर्ध्याकडचा, म्हणजे आमच्याच भागातला. पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस.

हा मला भेटला की गावाकडची चौकशी करायचा. पाऊस कसा आहे, बापाची तब्येत कशी आहे, बायकोला इथलं पाणी मानवलं का, सगळं विचारायचा. आणि मी गाडी चालवून पाहून खाली उतरलो की ओलं फडकं घेऊन पुढे यायचा. स्टिअरिंग पुसायचा, सीट पुसायचा, दाराची मूठ पुसायचा.

"ग्रीस लागते ना मिस्त्री, साहेब रागावते," असं हसून सांगायचा.

आमच्याकडे एक पंजाबी फिटर होता. त्याचे हात माझ्याहून काळे. तो त्या सीटवर बसून अख्खा डबा खायचा, पण त्याच्या मागून फडकं कधी फिरलं नाही. आम्ही दीक्षा घेऊन, घरातले देव नदीत सोडून इकडे आलो होतो. वाटलं होतं, नवा गाव, नवा कारखाना, इथे आपल्याला कोण ओळखतो. ओळखायला आपल्याच भागातला एक माणूस पुरतो. तो फारसा वाईट नव्हता, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची. वाईट असता तर एकदा भांडून मोकळा झालो असतो. चार वर्षं मी ते फडकं पाहिलं आणि एक शब्द बोललो नाही.

साहेबही काही वेगळे नव्हते. त्यांच्या बंगल्यावर कामाला गेलो की मला चहा अंगणात मिळायचा, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप मीच विसळून कठड्यावर पालथा घालायचो. पण साहेबांवर राग काढायची सोय नव्हती. ड्रायव्हरवर होती. एवढा सरळ हिशोब होता, त्याला आज मी मोठं नाव देणार नाही.

एक दिवस ड्रायव्हर बाईसाहेबांना बाजारातून घेऊन येत होता. समोरून डंपर आला, त्याला वाट द्यायला यानं गाडी बाजूला घेतली आणि पुढची दोन्ही चाकं रस्त्यात पडलेल्या रुळावर आपटली. बाईसाहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि दोन्ही रिम असे वाकले की ठोकून सरळ होण्यातले राहिले नाहीत. त्या गाडीचं सामान इथे मिळणं शक्य नव्हतं. आठ दिवसांनी साहेबांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि दुर्ग स्टेशनवरून त्यांना याच गाडीतून आणायचं होतं. साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "तूच मोडलेस, तूच आण. नाही मिळाले तर सामान बांध." ड्रायव्हर बंगल्यामागच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. नोकरी गेली की खोली गेली, आणि गावात भावांनी त्याच्यासाठी उंबराही ठेवला नव्हता. हे सगळं भिलाईतल्या निम्म्या मराठी माणसांना माहीत होतं, मलाही होतं.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो खुर्सीपारच्या वस्तीत माझ्या झोपडीसमोर सायकल धरून उभा राहिला. कॅरिअरला वाकलेला रिम सुतळीनं बांधलेला. गॅरेजात दहा जणांसमोर विचारायची त्याला लाज वाटत होती.

"मिस्त्री, नागपूरले कबाडीत जाऊन पायतो म्हणतो," तो म्हणाला. "मले गाडी चालवता येते, पण हे मापाचं काही समजत नाही. तू सांगून दे. तुह्याशिवाय कोणाले विचारू?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या म्हणीत गाढव कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "सांगतो ना काका. पण जेवनाची वेळ हाय. पहिले जेवा."

त्याचा चेहरा मी नीट पाहून घेतला. तो म्हणाला, "जेवून निघालो, बाबू."

मी म्हणालो, "मंग मापाचं उद्या गॅरेजात पाहू."

तो थोडा वेळ सायकलची घंटी अंगठ्यानं चाचपत राहिला. मग आत येऊन बसला. बायकोनं ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. त्याला प्रत्येक घासाला पाणी लागत होतं. मी समोर बसून आग्रह करत होतो, अजून अर्धी भाकर घ्या, भाजी घ्या. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या प्रेमानं जेवू घातलेलं नाही. त्यानं ताट पुसून खाल्लं, आणि माझ्या बायकोला म्हणाला, "पोरी, भाजी चांगली झाली." तेवढ्यावर थांबलो असतो तर मी आज हे लिहिलं नसतं. फिटंफाट झाली होती. पण मला वाटलं, याला गरज आहे म्हणून हा जेवला, गरज सरली की पुन्हा फडकं काढेल. आणि मला ते पाहायचं नव्हतं.

मी रिम जमिनीवर ठेवला, थाळीवर खाकी कागद पसरला आणि ग्रीसच्या बोटानं वरून घासलं. बोल्टांची भोकं आणि मधलं भोक कागदावर लख्ख उमटलं. आमच्याकडे माप असंच घ्यायचे. पण थाळीची खोली कागदावर उमटत नाही. त्यासाठी रिमच्या कडेवर आडवी काठी ठेवून थाळीपर्यंत पट्टीनं मोजावं लागतं. पट्टी माझ्या मागच्या फळीवर होती. मी उठलो नाही. कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "याच्यावर जे बसन ते आणा. टायर जुनाच चढला पायजे, तेवढं पाहा."

तो निघताना दारात थांबला.

"हा जुना रिम सोबत नेऊ काय? तिथे बाजूले ठेवून पाहता येईन."

असा साधा प्रश्न त्याला सुचला होता, आणि तोच बरोबर होता. दोन रिम शेजारी ठेवले असते तर शेंबड्या पोरालाही फरक दिसला असता.

मी म्हणालो, "कावून एवढं लोखंड वागवता काका? पॅसेंजरनं जाता, तुमच्या कमरेनं ऐकलं पायजे. कागद पुरते."

"तू पोरावानी काळजी करून राहिला," तो म्हणाला आणि रिम माझ्याच दाराशी टेकवून गेला.

बायको भांडी उचलता उचलता म्हणाली, "म्हाताऱ्याच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. कावून जबरदस्ती केली?"

"उतरला ना शेवटी?" मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तो दोन रिम घेऊन आला. चेहरा उन्हानं काळवंडलेला, पण खूश. कबाड्याकडच्या ढिगातून त्यानं दोन दिवस कागद लावून लावून शोधले होते. कागद दोन्हींवर केसभर न सरकता बसत होता. मी चाकं चढवली आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. पुढची चाकं मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आली होती. नव्या रिमची थाळी तेवढी खोल होती. रिकाम्या गाडीत ती कुठे घासत नव्हती. माणसं भरली, पुढचा भाग खाली बसला आणि वळण आलं की मडगार्डची धार टायरवर येणार, हे मला उभ्याउभ्या दिसलं. पंजाबी फिटर त्या आठवड्यात गावी गेला होता. दुसऱ्या कुणी तिकडे पाहिलंही नाही.

"जमलं ना?" त्यानं विचारलं.

"एकदम," मी म्हणालो.

मी गाडी फिरवून आणली आणि खाली उतरलो. त्यानं फडकं काढलं नाही. सरळ सीटवर बसला, मला हात केला आणि गेला. मी पाहत उभा राहिलो. मागे पळत जाऊन गाडी थांबवता आली असती, फाटक लांब नव्हतं. मी कोपऱ्यातल्या डंपरखाली जाऊन आडवा झालो आणि त्याचं काम सुरू केलं.

रविवारी दुर्गहून पाहुणे गाडीत बसले. पुढे मागे मिळून सहा माणसं, वर बिछाने, पेट्या. पहिल्याच मोठ्या वळणावर रबर जळाल्याचा वास आला, दुसऱ्यावर टायर फाटला आणि गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडेला खड्ड्याशी थांबली. कुणाला लागलं नाही. मुलाची आई मात्र भर उन्हात बंगल्यापर्यंत रिक्षात हुंदके देत आली. सोयरीक तरीही जुळली, तेवढं सांगून टाकतो. साहेबांनी पाहुण्यांदेखत ड्रायव्हरला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि पोर्चमध्येच चालता हो म्हणाले.

सोमवारी साहेबांचा निरोप आला, मिस्त्रीला बोलवा. मी पट्टी आणि काठी घेऊन गेलो. घरून जुना रिमही नेला. साहेब अंगणात उभे होते. ड्रायव्हर गाडीपासून दहा हातांवर, मेंदीच्या कुंपणाजवळ उभा होता. त्याच्या मागे खोलीच्या दारात बांधलेली वळकटी आणि तिच्यावर बसलेली त्याची बायको. मी जुना आणि नवा रिम शेजारी ठेवले, काठी आडवी ठेवली, दोन्हीकडे पट्टी लावून दाखवली. साहेबांना लगेच समजलं. इंजिनिअर माणूस.

"म्हणजे भोकं जुळली की झालं, असं नाही तर," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून बोलले, "अकरा वर्षं आहे हा माझ्याकडे. काल मी संतापात बोललो. तू मला एकच सांग. ही चूक कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे, की याला गाडीतलं काही कळत नाही? कळत नसेल तर मी मुलाबाळांना याच्या भरवशावर गाडीत बसवणार नाही."

कुणाच्याही हातून होते साहेब, एवढं म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. गॅरेजातल्या पाच मिस्त्र्यांपैकी तीन या खोलीच्या मापात फसले असते. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, आणि आपल्या माणसाला विचारलं जातंय याचा त्याला धीर आलेला दिसत होता. तो धीर मला सहन झाला नाही.

मी म्हणालो, "तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला एवढं कळायला पाहिजे, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "माझंही तेच म्हणणं आहे. मी त्याला कालपासून विचारतोय, माप कुणी दिलं? मिस्त्रीनं दिलं का? तर म्हणतो, मिस्त्रीला विचारलंच नाही, माझं मीच घेतलं."

मी पुन्हा कुंपणाकडे पाहिलं. ड्रायव्हर साहेबांची पाठ आहे हे बघून माझ्याकडे डोळे मोठे करून हळूहळू मान हलवत होता. बोलू नको, असं तो मला सांगत होता. त्याला वाटत होतं, माझ्या हातून चूक झाली, आणि एका चुकीपायी दोन घरं उठू नयेत.

मी बोललो नाही.