हसत गेली म्हणू नको

देगलूरच्या बाजारात शकिलाबीचं बांगड्यांचं दुकान होतं. शुक्रवारी मात्र दुकान नवऱ्यावर, सलीमवर, सोडून ती टोपली घेऊन खेड्यांत जायची. बांगड्या भरता भरता गोष्ट सांगायची. ऐकण्याच्या नादात बाईचा हात सैल पडतो आणि बांगडी न दुखता चढते, हा हुन्नर तिला सासूनं दिला होता.

वाचनालयाच्या संगमेश्वर सरांच्या कानावर ते गेलं. "एक जुनी गोष्ट निवडा आणि नव्यानं सांगा," ते म्हणाले. "येत्या रविवारी, वाचनालयातच."

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आधी कोल्ह्याची गोष्ट धरली, मग सोडली. मन फिरून तळ्याच्या गोष्टीपाशीच यायचं. तळं खोदलं, पाणी लागेना. मग तळं खोदणाऱ्या घरची धाकटी सून बळी जायला हसत हसत पायऱ्या उतरली आणि तळं भरलं. शंभरदा सांगितलेली गोष्ट, पण आता 'हसत हसत'पाशी जीभ अडायला लागली. त्या नादात गिऱ्हाइकाला सव्वादोनच्या मापाच्या जागी अडीचच्या बांगड्या दिल्या.

"दुसरी कोणतीबी सांग," सलीम म्हणाला. "ती सून त्या गावकऱ्यांची देवी हाय. उद्या कुणी म्हणलं, तुला काय करायचंय, तर?"

शुक्रवारी ती त्या तळ्याच्याच गावात गेली. म्हाताऱ्या तारामतीचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "मावशी, त्या सुनेचं नाव काय हो?"

"नाव कुठं हाय? धाकटी म्हणत्यात. आमच्याच घरची ती. दर साली साडी नेसवतो तिला."

शकिलाबी टोपली उचलायला लागली, तशी तारामती हळूच म्हणाली, "सांग खुशाल. पर हसत गेली म्हणू नको. माझी सासू मरताना बोलली, तिला दंडाला धरून नेलं व्हतं."

शनिवारी दिवसभर शकिलाबीला एकच प्रश्न पडला होता. दुसऱ्याच्या घरातलं झाकलेलं आपण चारचौघांत कसं उघडायचं?

रविवारी ती वाचनालयात लोकांपुढं उभी राहिली. गोष्ट पायऱ्यांपाशी आली आणि तिच्या गोष्टीतल्या सुनेनं दोन्ही हातांनी काठ धरला. "मी येत न्हाई," ती ओरडली.

पुढच्या रांगेतले एक आजोबा ताडकन उठले. "खोटं हाय! ती खुशीनं गेली."

"न्हाई गेली खुशीनं!" मागून आवाज आला. तारामती उभी होती. "मी त्याच घरची हाय."

"पुढं सांगा," सर म्हणाले. पण शकिलाबीला पुढचं सुचलंच नव्हतं. पाणी लागलं की तळं कोरडंच राहिलं? "मला म्हाईत न्हाई," म्हणून ती खाली बसली. कुणी टाळी वाजवली नाही.

तारामतीचा मुलगा रामलिंग दोन महिने आईशी बोलला नाही. शकिलाबीला त्यानं घराची पायरी बंद केली. मग एका सोमवारी तारामतीच एसटीनं दुकानात आली आणि टेकता टेकताच म्हणाली, "पुढचं सुचलं का गं?"

"इचार करून राहिले, मावशी. तीनदा शेवट केला, तीनदा मोडला."

"मग चौथ्यांदा कर," तारामती म्हणाली. "मी बसते इथं."