लाइनवरचा दुसरा आवाज

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाहीये, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकात मी नवीन पनवेलला इंजिनिअरिंग करत होतो. खांदा कॉलनीत खोली घेतली होती. बिल्डिंग नवी कोरी, बाकीच्या सगळ्या फ्लॅट्सना कुलपं. हळूहळू मी कॉलेजला जाणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायचो.

रविवारी मात्र एसटीडी बूथवरून चिपळूणला आईला फोन करायचो. तेव्हा लाइनवर कधीकधी आपलाच आवाज परत ऐकू यायचा.

त्या रविवारी म्हणालो, "मी मजेत आहे गं."

क्षणभराने रिसीव्हरमधून आलं, "मजेत आहे गं." आवाज माझाच होता, पण आत कोणी राहत नसल्यासारखा.

आईनेही तो ऐकला असावा. "अरे, तुझ्यामागे कोण बोलतंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई दारात उभी. तिने माझी बॅग भरली. मला घरी नेलं, मग डॉक्टरांकडे. बऱ्याच महिन्यांनी मी माणसात आलो.

आज दुपारी लेकीचा फोन आला. ती पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"मजेत आहे, बाबा."

हल्लीच्या फोनवर आवाज परत येत नाही. पण हे बोलला तो बूथमधलाच आवाज, आत कोणी राहत नसल्यासारखा.

मी आता पनवेल स्टँडवर आहे, पुण्याची गाडी लागतेय. तुमच्या पोरांपैकी शेवटचं "मजेत आहे" कोण म्हणालं? आणि ते नक्की तुमचं पोरच बोललं होतं का?