वैतीकाका आणि झगेवाल्याचा दुसरा भाग

नवी कॅसेट तपासायला बसण्यापूर्वी वैतीकाका साबणाने हात धुवायचे, कंपनीतला जुना खाकी शर्ट अंगात चढवायचे आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घ्यायचे. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात खोचायची, पंजाएवढी प्लास्टिकची डबी. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या पोरांचा अर्धा जीव त्या डबीत अडकलेला असे. नौपाड्यातल्या एका बोळात काका या कॅसेटी भाड्याने देत, पण स्वतः खेळून तपासल्याशिवाय एकही कॅसेट त्यांच्या दुकानाची पायरी उतरत नसे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती भांडायला. जवळच्याच शाळेत मी मराठी शिकवत होते. आठवी ब मधल्या अकरा जणांनी निबंधाची वही आणली नव्हती, आणि दरडावून विचारल्यावर अकराही जणांचं बोट एकाच दुकानाकडे गेलं. मधल्या सुट्टीत मी तावातावाने निघाले, अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले आणि पदर सावरून तोंड उघडणार, एवढ्यात खाकी शर्टातल्या त्या सडपातळ माणसाने पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

"बाई, दोन मिनिटं. मेलो की बोलतो."

मी पदर धरून तशीच उभी राहिले. दोन मिनिटांनी ते पडद्यावर एका खड्ड्यात पडून रीतसर मेले, त्यांनी एका पुठ्ठ्याच्या कार्डावर काहीतरी लिहिलं आणि मगच माझ्यासाठी स्टूल पुसून पुढे केलं. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली. आठवी ब ला वही दाखवल्याशिवाय कॅसेट मिळणार नाही, असं कबूल केलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, तुम्ही पेपर तपासता ना? एक पेपर किती वेळा?"

"एकदा," मी म्हणाले.

"एकदाच?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंखुरं वाईट वाटलं होतं. त्यामुळेच मला जास्त राग आला.

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं माल तपासला होता. प्रत्येक खेपेतला एक डबा उघडायचा, फळकुटावर ब्रश फिरवायचा, पास किंवा नापास लिहायचं. कारखाना बंद पडला. काकांना दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. भाचा व्हिडिओ गेम विकायचा, त्याच्याकडून त्यांनी चार कॅसेटी घेतल्या आणि कोलशेतच्या कोळीवाड्यातून रोज बसने नौपाड्यात यायला लागले. तपासायची वस्तू बदलली, माणूस तोच राहिला.

त्यांची तपासणी तीन फेऱ्यांची असे. पहिल्या फेरीत ते सगळं येत असल्यासारखे खेळत. दुसऱ्या फेरीत ज्याने जन्मात कधी रिमोट, म्हणजे खेळायचा बटणांचा ठोकळा, धरला नाही त्याच्यासारखे, मुद्दाम भिंतीवर धडका घेत. तिसरी फेरी आवाज पूर्ण बंद करून. "घरी बाप झोपलेला असतो, बाई. पोरं आवाज बंद करूनच खेळतात. त्यांच्यासाठी कोणी तपासायचं?" टीव्हीसुद्धा त्यांनी मुद्दाम काळापांढरा ठेवला होता, कारण गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांच्या घरी तसाच होता. कॅसेट चालली नाही की सगळं ठाणं तिच्यात फुंकर मारत असे. काका मात्र फुंकर मारणाऱ्याला दुकानाबाहेर काढत. "थुंकी जाते आत. कापूस घे, स्पिरिट घे."

तीन फेऱ्या झाल्या की कार्ड. पास किंवा नापास, खाली एक ओळ आणि सही. ते कार्ड कॅसेटच्या डब्यात जायचं. मी पुढे पुढे ती कार्डं वाचायलाच जाऊ लागले. 'गाडी वळते, पण चालवणाऱ्याला विचारत नाही. नापास.' 'तिसऱ्या टप्प्यानंतर पुन्हा पहिलाच टप्पा, शत्रू फक्त घाईत. नापास.' 'माकड गोड आहे. लहान भाऊ असल्यास जरूर न्या. पास.' एका ओळीत इतकं सांगायला मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होते आणि मला स्वतःला जमत नव्हतं.

त्यांची मुख्य कसोटी त्यांनीच मला एकदा सांगितली. "खेळताना आपण मरतोच, बाई. पण मेल्यावर स्वतःला शिवी घातली तर खेळ चांगला. खेळाला शिवी घातली तर खेळ वाईट."

या कसोटीला सगळ्यात जास्त उतरलेला खेळ म्हणजे झगेवाला. त्याचं मूळ नाव कोणालाच माहीत नव्हतं; डब्यावरची अक्षरं चिनी होती की जपानी यावर पोरांत दोन तट होते. पाठीवर झगा सोडलेला, मुखवटा लावलेला एक वीर, जो लोखंडी राक्षसांना बुक्के मारत शहर वाचवतो आणि झग्याच्या जोरावर मोजून तीन श्वास हवेत तरंगतो. त्या तीन श्वासांवर काकांचा जीव होता. कार्डावर लिहिलं होतं: 'उडणं कमी दिलं आहे, म्हणून जपून वापरतो. उडी हुकली तर दोष आपला. पास.' नौपाड्यात असं एकही पोर नसेल ज्याने ती कॅसेट नेली नाही.

त्यामुळे झगेवाल्याचा दुसरा भाग आल्याची बातमी लागली तेव्हा बोळात उत्साहाला ऊत आला. फेब्रुवारी सरत होता, वार्षिक परीक्षा तोंडावर. काकांनी फळ्यावर खडूने लिहिलं: 'झगेवाला भाग २ आला आहे. तपासणी चालू.' पोरं शाळा सुटल्यावर शटरखालून डोकावून जायची. मीही एकदा डोकावले, खोटं कशाला बोलू?

तीन दिवसांनी फळ्यावर निकाल लागला. नापास.

काकांनी मला कार्ड दाखवलं. पहिल्यांदाच ते एका ओळीत मावलं नव्हतं. 'झगा लांब केला, उडणं वाढवलं. फुकट मिळालं की उडीची किंमत जाते. झगेवाल्याच्या शेजारी एक मुलगी विनाकारण उभी आहे, काही करत नाही. चौथ्या टप्प्यातलं दार उघडत नाही. माल सदोष.'

त्या दाराला दोन टोकांना दोन खटके होते. डावा दाबून उजव्याकडे धावावं, तोवर डावा परत वर येई. काकांनी तीनही फेऱ्यांत ते करून पाहिलं. कापूस, स्पिरिट झालं. त्याच खेपेतली दुसरी कॅसेट लावली, तिचंही तेच. "मी घासून घासून खेळलो, बाई. खेळाला शिवी घालायची वेळ आली. पहिल्या भागाची पुण्याई खायला निघालेत, दुसरं काय?" आलेली खेप त्यांनी परत पाठवली. फक्त एक नमुना मागच्या फळीवर ठेवला. नापास मालाचाही एक नमुना ठेवायचा, ही कारखान्यातली शिस्त.

पोरांनी काकांचा शब्द मानला. स्टेशनच्या बाजूला नुकतंच एक नवं, रंगीत दिव्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं, तिथे भाग दोन भाड्याने मिळत होता, पण आमच्या बोळातली पोरं म्हणायची, "वैतीकाकांनी उडवलाय तो. खराब आहे." दुकानात बाकी होतंच काय? चार फळ्या आणि तो एक शब्द. त्यावरच ते चाललं होतं.

एप्रिलमध्ये मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. 'माझा आवडता खेळ' हा निबंध. मनीषा नावाच्या एका अबोल मुलीने खो-खो, लंगडी सोडून झगेवाल्यावर लिहिलं होतं. मी दोन परिच्छेद वाचले, 'हा मैदानी खेळ नव्हे, विषय सोडला आहे' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले. पान उलटताना शेवटच्या ओळींवर नजर गेली. 'आम्ही दुसरा भाग पार्लरमधून आणला. मला आणि दादाला हा खेळ आवडतो कारण यात दोघे लागतात. दाराचा एक खटका मी धरते आणि एक तो धरतो. घरी आम्ही भांडतो पण दाराशी भांडत नाही.'

लाल पेन हातात तसंच राहिलं. शेजारी विनाकारण उभी असलेली मुलगी विनाकारण नव्हती. ती दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत होती. काकांनी दुसरा रिमोट कधी जोडलाच नव्हता. यंत्राबरोबर आलेला तो रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलाही नव्हता, वर 'स्पेअर' अशी चिठ्ठी लावून खिळ्याला टांगला होता. बावीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस गरज पडल्याशिवाय स्पेअर उघडत नाही.

सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. काकांकडे दुसरं काही नव्हतं हो. कारखाना गेला, शर्ट उरला, आणि आपली तपासणी चुकत नाही हा विश्वास उरला. तो मी जाऊन काढून घ्यायचा? पण पोरांना पार्लरमध्ये आज ना उद्या कळणारच होतं, आणि मग ती हसली असती. त्यापेक्षा मी बरी, असं म्हणून भर दुपारी गेले आणि मनीषाचा निबंध त्यांच्यापुढे धरला.

काकांनी तो वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचला. मग उठून हात धुतले, खाकी शर्ट घातला, फळीवरचा नमुना काढला आणि खिळ्यावरची पिशवी खाली घेऊन तिची चिठ्ठी नखाने हळूच सोडवली. "बाई, तुम्ही धरता?" त्यांनी विचारलं. मी रिमोट उलटा धरला. पहिल्याच टप्प्यात माझी ती मुलगी, म्हणजे झगेवाली, तीनदा खड्ड्यात गेली.

तेवढ्यात काकू आल्या. हिराकाकू नौपाड्याच्या बाजारात मासळी विकत आणि पाटी रिकामी झाली की दुकानात चहाला टेकत. नवऱ्याच्या तीन फेऱ्यांची त्यांनी जन्मभर थट्टा केली. त्या स्वतः पापलेटाचा कल्ला बोटाने उचलून एका क्षणात निकाल देत. माझ्या हातातली दुर्दशा त्यांनी थोडा वेळ पाहिली.

"सर गो बाई, दे मना," म्हणत त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि रिमोट घेतला. "कनचा बटन मारायचा?"

काकूंची झगेवाली पहिले दोन टप्पे नुसती मार खात होती, तिसऱ्यात मारायला लागली. चौथ्या टप्प्यात ते दार आलं. काका म्हणाले, "तू तो डावा दाबून ठेव. सोडू नको." काकूंनी दाबून ठेवला. काका उजव्याकडे धावले. दार कुरकुरत वर गेलं.

मग काकू म्हणाल्या, "याच्यासाठी तीन दिस खपलंव? मंग मना हाक मारायची व्हती. मी काय लांब व्हते?"

काकांनी रिमोट खाली ठेवला. त्यांचा चेहरा पाहवेना. मी उगाच म्हटलं, "काका, कार्ड बदलून टाका, कोणाला काय कळतंय?"

"बाई," ते म्हणाले, "वाईट माल पास केला तर गिऱ्हाईक येऊन शिव्या घालतं, चूक कळते. चांगला माल नापास केला तर कोणी येत नाही. तो बिचारा फळीवर पडून राहतो. म्हणून ती चूक जास्त वाईट."

त्यांनी जुनं कार्ड फाडलं नाही. मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: 'पुन्हा तपासलं. एकट्याने नेऊ नये. दोघांनी खेळल्यास पहिल्यापेक्षा सरस. झगा मात्र अजूनही लांब. पास.' तपासणाऱ्याच्या जागी दोन नावं घातली, दामोदर वैती आणि हिरा वैती. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'भाग २ मध्ये दोष नव्हता. दोष तपासणाऱ्याचा होता.' संध्याकाळी पोरं जमली. दोघं-तिघं फिदीफिदी हसली. काका फळ्याखाली खाकी शर्टातच उभे होते, हसणाऱ्यांकडे बघत, मान खाली न घालता. मग एकाने विचारलं, "काका, कधी मिळेल?" आणि कॅसेटसाठी नंबर लावणाऱ्यांची यादी सुरू झाली.

मी घरी येऊन मनीषाचा पेपर काढला. तीनवर एकच रेघ मारली, आठ लिहिले, सही केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही पेपर एकदाच तपासला नाही. मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली, निकाल उशिरा दिले. त्याचं खापर मी खुशाल वैतीकाकांवर फोडते.

पुढे घरोघरी संगणक आले, कॅसेटी कोणी नेईना, दुकान बंद झालं. दशक संपता संपता एका दुपारी काका गेल्याचं कळलं. चार दिवसांनी मी कोलशेतला गेले. खोलीत काळापांढरा टीव्ही चालू होता आणि समोर काकू बसल्या होत्या. खिळ्याला खाकी शर्ट. मला वाटलं होतं त्या रडतील, मीच रडले.

"तेच्याबरोबर रोज दुपारी खेलायची," काकू म्हणाल्या. "मागल्या आठवड्यान चौथ्यापर्यंत आलेलो. आता त्या दाराशी अडकलंय."

पडद्यावर तेच दार होतं. झगेवाली डाव्या खटक्यापाशी उभी होती आणि तिच्या शेजारी झगेवाला काही न करता उभा होता. काकूंनी जमिनीवरचा दुसरा रिमोट उचलून माझ्याकडे सरकवला.

"धर गो बाई. याला दोघा लागतान."

मी डोळे पुसले, रिमोट या वेळी सरळ धरला आणि उजव्या खटक्याकडे निघाले.