पाच मिनिटांचं विमानतळ आणि प्रेमामावशींचं अकाउंट

गोव्यात डिचोलीच्या बाजारामागे प्रेमामावशींची खानावळ आहे. मी आज इथे नोकरीत टिकून आहे तो त्यांच्यामुळे, म्हणून आधी त्यांचं नाव.

मी वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली. मोपाला विमानतळाच्या बांधकामावर आलो, काम संपलं तेव्हा परत जायचा धीर झाला नाही. आता दामूसरांच्या ऑफिसात सोशल मीडियाच्या जाहिराती चालवतो. तुम्ही मोबाइलवर बोट सरकवता आणि मध्येच गुडघ्याचं तेल येतं, ते आपोआप येत नाही. माझ्यासारख्या कुणीतरी पैसे भरून ते तिथे आणलेलं असतं.

त्या डिसेंबरात आमची तीन अकाउंटं मेली होती आणि समोर तुळशीदासबाब बसले होते. हे सुर्लाचे. खाणी थंडावल्यावर त्यांनी खनिज वाहणारे टिपर विकले आणि मयेच्या तळ्याजवळ पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या.

"दामूबाब, नाताळ आयलो," ते म्हणाले. "आतां त्या खोल्यांनी हांवच न्हिदूं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. अकाउंट गेलं की सर माझ्याकडेच बघतात, आणि मला वाशीमची गाडी दिसायला लागते.

जाहिरात द्यायला ॲड अकाउंट लागतं. ती सारखी नसतात. पहिलं आम्ही कोरं उघडलं होतं, 'गोवा हॉलिडे किंग' नावाने. कोरं अकाउंट म्हणजे गावात नवा आलेला माणूस. त्याने आल्या आल्या लाउडस्पीकर लावला तर लोक विचारणारच, तू कोण. ॲपवाल्या कंपनीने विचारलं. आम्हाला सांगता आलं नाही. गेलं.

दुसरं विकत घेतलं. जुन्या अकाउंटवर कंपनीचा विश्वास जास्त असतो, म्हणून ती विकणारे असतात. त्यांच्या भाषेत 'पिकलेलं अकाउंट'. आमचं एका परदेशी आजीबाईंचं निघालं, कुत्र्यांच्या फोटोंसकट. गिऱ्हाइकं विचारायची, मयेला कुत्री चालतात का. मग एक दिवस आजीबाई जाग्या झाल्या आणि पासवर्ड बदलून मोकळ्या झाल्या. तक्रार कुणाकडे करणार? चोरीचा माल आमच्याच हातात होता.

तिसरं एका मोठ्या एजन्सीचं, भाड्याने. यात खर्चाची मर्यादा मोठी मिळते, पण एकाच पाटीत सगळ्यांचे बांगडे. कुणीतरी टकलावर केस उगवणारं तेल विकलं, त्याच्याबरोबर आमचं तळंही बुडालं.

चौथा प्रकार साधा. धंदेवाल्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची कागदपत्रं देऊन बिझनेस अकाउंट उघडायचं. मी तेही सुचवलं होतं.

"त्याला वेळ लागतो," सर म्हणाले. "आपल्याला भरवशाचं पाहिजे, आणि आज पाहिजे."

त्या दुपारी मला जेवण जाईना.

"कित्याक जेवना रे पुता?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. मावशी उंडे पाव कापता कापता म्हणाल्या, "म्हजें आसा मरे एक अकाउंट. व्हर तें."

न मागता देऊन टाकलेलं मावशींचं अकाउंट फार जुनं. रोज सकाळी एक रांगोळी, चतुर्थीला गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी, मुलाच्या वाढदिवसाला मुलगा. एवढा खरा माणूस इंटरनेटवर क्वचित सापडतो. पण त्यांचा गौरेश बोटीवर कुक आहे. बंदराबंदरात त्याचा नंबर बदलतो, म्हणून तो मेसेज टाकतो तो याच अकाउंटवर. मी सरांना हे सांगितलं.

"खऱ्या माणसाचं अकाउंट जात नाही," सर म्हणाले.

सर पेडण्याचे. त्यांच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या अकाउंटावर कोणाची नजर पडा नये, पडलीच तर ती शेजारच्या एजन्सीवर पडांदे."

"व्हय म्हाराजा," मी आणि तुळशीदासबाब म्हणालो.

जाहिरात धावली. खोल्यांचं बुकिंग भरलं. मग पहिलं कुटुंब पोचलं, टॅक्सीचं बिल हातात घेऊनच. आमच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'मोपा विमानतळापासून पाच मिनिटं.' रस्त्याने पाऊण तास लागतो. त्यांनी तक्रार केली, त्यांच्यानंतर आलेल्यांनीही केली, आणि मावशींचं अकाउंट बंद झालं. त्यात आमचं ऑफिसही नडलं. ज्या कॉम्प्युटरवर तीन अकाउंटं मेलेली, त्याच्यावरच मावशींचं उघडलेलं. कंपनी तेही बघते.

"पाच मिनिटं कोणी लिहिली?" सरांनी विचारलं.

"हांवें सांगिल्लीं," तुळशीदासबाब शांतपणे आभाळाकडे बोट दाखवत म्हणाले. "विमान सुटलें की पांच मिनटांनी म्हज्या माडांवयल्यान वता. खोटें कितें तातूंत?"

यावर दोघांनी नवीन पिकलेल्या अकाउंटची चौकशी सुरू केली. मी खानावळीत गेलो. मावशी मोबाइल पुसत होत्या. पडदा पुसला की मेसेज येईल असं त्यांना वाटत होतं.

"गौरेशाचें बंदर आयलें आसतलें," एवढंच म्हणाल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकाउंट परत मागताना माणूस खरा आहे हे व्हिडिओत दाखवावं लागतं. चेहरा समोर, डावीकडे, उजवीकडे. ऑफिसच्या मशीनला मी हात लावला नाही. मावशींचाच मोबाइल, त्यांच्याच चुलीसमोर. तरी नापास. कारण मावशी त्या कॅमेऱ्याशी बोलायच्या. "बाबा, हांव प्रेमावती. अकाउंट म्हजें." मध्येच मान वळवून कुणाला तरी आमटी वाढायच्या.

"मावशी, पलीकडे माणूस नाही. मशीन बघतं."

"मागीर ताका कशें कळटलें, हांव कोण ती?"

ते मलाही नीट माहीत नाही. पण एका खेपेला त्या गप्प बसल्या, डोळे भरलेले, आणि तो व्हिडिओ कंपनीने घेतला. काही दिवस कंपनीने उत्तर दिलं नाही. त्या दिवसांत मी खानावळीत मान खाली घालून जेवलो. ताटात मासळीचा तुकडा मात्र पूर्वीएवढाच यायचा.

मग एका सकाळी अकाउंट उघडलं. गौरेशचे मेसेज साठले होते. शेवटचा होता, "आई, जेवलें?"

मावशींनी चष्मा लावून एकेक अक्षर शोधलं. "जेवलें."

खाली कंपनीची सूचना होती. या अकाउंटवरून यापुढे कधीही जाहिरात देता येणार नाही. मी घाबरत घाबरत वाचून दाखवली.

"बरें जालें," मावशी म्हणाल्या. "आतां कोणूय मागपाक येवचो ना."

तुळशीदासबाबांनी शेवटी कागदपत्रं आणली. त्यांच्या नावाने बिझनेस अकाउंट उघडलं. तोवर नाताळ गेला होता. जाहिरातीत मी 'पाऊण तास' लिहिलं. गिऱ्हाइकं कमी आली, पण टॅक्सीचं बिल घेऊन कुणी आलं नाही. सर आता नव्या गिऱ्हाइकांना सांगतात की हा चौथा प्रकार त्यांनी शोधून काढला.

मला कुणी विचारलं, सगळ्यात भरवशाचं अकाउंट कोणतं, तर मी म्हणतो, ज्याच्यावरून जाहिरात देता येत नाही ते. ते प्रेमामावशींकडे आहे.

गौरेश पुढच्या सुट्टीत विमानाने मोपाला उतरणार आहे. त्याला आणायला मावशींना घेऊन मीच जाणार. जातानाची आणि येतानाची टॅक्सी माझी, दोन्हीकडचे पाऊण तास.