एस्तेरचा उजवा हात

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथं मी 'माझे सर्व अपराध' असं एकगठ्ठा म्हणून पुढं सरकायचो. मग तुम्हालाच का? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणूनच असेल.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत जुन्या कुणालाही विचारा, एस्तेरचा हात कुणी मोडला? पोलिसांनी, असंच सांगतील. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, लाठीमारात. दर एक मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, तिला स्टेजवर बोलवायचे, हार घालायचे. एस्तेर माझी धाकटी बहीण. हार घेताना ती उजवा हात पदराखाली ठेवायची, आणि लोक म्हणायचे, किती साधी बाई —

नाही. हे असं मधूनच सांगून चालणार नाही. आधी वहीचं सांगतो.

आम्ही मराठी ख्रिस्ती. वडील लवकर वारले. आई परळच्या एका इस्पितळात आया होती, मी गिरणीच्या ऑफिसात कारकून, आणि एस्तेर नुकतीच मॅट्रिक झालेली. परळला आमचं छोटं देऊळ होतं — चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिथल्या तरुण संघाची एक निवडवही होती. संघातल्या कुणी कुठलं पुस्तक वाचावं, कुठला सिनेमा पाहावा, ते त्या वहीवरून ठरायचं. एकानं आधी वाचायचं, आधी पाहायचं, वहीत 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहून सही करायची. तो एक म्हणजे मी, शमुवेल. उपासना संपली की पाळकसाहेब माझी यादी मंडळीला, म्हणजे देवळात जमलेल्या सगळ्यांना, मोठ्यानं वाचून दाखवायचे. आयाबाया कौतुकानं बघायच्या. एवढ्या लहान वयात केवढी समज!

समज कसली? वहीत चार रकाने होते — दारू, नाच, मूर्तिपूजा, बदफैली. पडद्यावर कुणी पेला उचलला की मी फुली मारायचो. मारामारीला रकाना नव्हता. माणसाला खांबाला बांधून फोडून काढलेलं चालायचं, नवऱ्यानं बायकोला केसांनी धरून फरफटत नेलेलं चालायचं. आणि मी गिरगावातल्या थेटरात तिसऱ्या रांगेत बसायचो तो त्याचसाठी. आवडायचं मला. नायकाची मूठ बसली की माझीही मूठ वळायची. एक मारधाडीचा सिनेमा मी तीनदा पाहिला आणि वहीत लिहिलं, 'योग्य. सत्याचा विजय.'

हे सिनेमाचं. पुस्तकांचं त्याहून वाईट. पुस्तक वाचायला बसलं की दहाव्या पानावर माझा डोळा लागायचा. मग पुस्तकं कोण वाचत होतं? एस्तेर. चूल सांभाळून, धुणीभांडी करून ती वाचायची, मला गोष्ट सांगायची, काय लिहू तेही सांगायची. मी खाली सही करायचो. आयत्या बिळावर नागोबा. तीन वर्षं हे चाललं. तिनं एकदाही कुणापाशी तोंड उघडलं नाही. उलट मजेत म्हणायची, "दादा, तुझं वाचन वाढलंय हं हल्ली!"

मग ती कादंबरी आली. दादरच्या वाचनालयातून मीच आणलेली. तिच्यात एक बाई होती, नवऱ्याचा रोजचा मार खाणारी. एके दिवशी ती घर सोडते आणि शिवणकाम करून एकटी राहते. एस्तेरनं ती दोन दिवसांत वाचून काढली. मग म्हणाली, "आपल्या मंडळीतल्या सगळ्या बायकांनी हे वाचायला हवं, दादा. लिही, योग्य." मी लिहिलं. सही केली. पुस्तक देवळाच्या कपाटात गेलं.

महिनाभरानं मंडळीतली एक बाई ते वाचून पाळकसाहेबांकडे गेली. तिनं विचारलं, मीही नवऱ्याला सोडून माहेरी जाऊ का?

मला बोलावणं आलं. पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडीलधारे टेबलापलीकडे बसलेले. पुस्तक मध्ये. लग्नाची शपथ मोडणारी बाई तुला योग्य वाटली? तू हे वाचलंस, शमुवेल? — आता सांगा, काय म्हणायचं होतं मी? वाचलं म्हणावं तर पाप पास केलं. नाही म्हणावं तर तीन वर्षांच्या सगळ्या सह्या खोट्या. पण हा विचार मी केलाच नाही. जिभेवर उत्तर तयार होतं. मी म्हणालो, मी ते नापसंत केलं होतं. बहिणीनं माझी सही करून परस्पर कपाटात ठेवलं.

रविवारच्या शाळेत 'खोटी साक्ष देऊ नको' ही देवाची आज्ञा मुलांकडून पाठ करून घेणारा मीच. जराही अडखळलो नाही. पाळकसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि सांगितलं, येत्या रविवारी तिनं मंडळीसमोर उभं राहून कबूल करावं. मी म्हणालो, करेल.

बाहेर पडलो तेव्हा दुपार होती आणि परळ पेटलेलं होतं. मुंबई आमचीच म्हणत लोक रस्त्यावर आले होते. दगड सुटत होते, दुकानांच्या फळ्या धडाधड पडत होत्या. नाक्यावर पोलीस एका माणसाला मारत होते. तो खाली पडल्यावरही मारत होते. धुरानं डोळे चुरचुरत होते. एकाला हातगाडीवर घालून नेलं, त्याचा पाय भलतीकडेच वळलेला. मी का पळालो नाही? भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि पाहिलं. सगळं पाहिलं. मग घरी गेलो.

चाळीत सगळ्यांची दारं बंद. आई ड्यूटीवर. एस्तेरनं दार उघडलं, मला आत ओढलं, "लागलं नाही ना रे कुठं?" म्हणून डोक्यावरून हात फिरवला. मी तिला रविवारचं सांगितलं. उभं राहायचं, सही मी केली म्हणायचं, संपलं. आधी ती हसली. मग तिला कळलं, मी थट्टा करत नाही.

ती म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही, दादा. उभी राहीन, पण खरं ते सांगेन."

मी तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, खरं ते सांगेन. पुन्हा मारली. ओठ फुटला. वेणी धरून मी तिचं डोकं भिंतीवर आपटलं. बाहेर गोळीबाराचे आवाज येत होते. तिची किंकाळी कुणाला ऐकू आली असेल का, मला माहीत नाही. बाहेरचा दंगा आत येऊ नये म्हणून दाराला लावायचा लाकडी अडसर कोपऱ्यात उभा होता. तो मी उचलला. तिनं उजवा हात आडवा धरला. माझं भान गेलं होतं. पुढचं आठवत नाही.

बाहेर शांत झाल्यावर शेजाऱ्यांना मीच हाक मारली. खाली नळावर गेली होती, म्हटलं, लाठी बसली. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, घोषणा देत देत इस्पितळात नेलं. तिथं जमिनीवर माणसं रांगेनं निजवलेली, फरशीवर रक्त. आई बोळे आणि पट्ट्या घेऊन धावत होती. तिनं लेकीला पाहिलं आणि हातातली परात टाकली. "पोलिसांनी मारलं काय गं माझ्या पोरीला?"

मी म्हणालो, हो.

एस्तेरनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. बोलली नाही. का, ते तिनं पुढं एकदाच सांगितलं: "आईला तुझ्याशिवाय कोण आहे? हे कळल्यावर ती तुझ्या कमाईचं जेवेल कशी?"

अशी माझी बहीण दोन्हीकडून खोटी ठरली. देवळात तिनं सही चोरली असं झालं. पाळकसाहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं, म्हणाले, पोरीनं सोसलं तेवढं पुरे. चाळीत ती चळवळीची जखमी ठरली. हात वाकडाच जुळला, सुईत दोरा ओवता येईना. डाव्या हातानं लिहायला शिकली. लग्नाची बोलणी दोनदा हात पाहून फिसकटली, तिसऱ्यांदा तिनंच नको म्हटलं. वाचत मात्र राहिली. मला पुन्हा कधी एकही गोष्ट सांगितली नाही. आणि मी? पुढं अकरा वर्षं वही माझ्याकडेच होती. न वाचता सह्या केल्या.

आई गेली. मग तिच्यामागे काय अडलं होतं? मी बोललो नाही. एस्तेरही बोलली नाही. मागच्या वर्षी तीही गेली. मातीला चाळीतली माणसं भगवा झेंडा घेऊन आली. एका पुढाऱ्यानं कबरीजवळ भाषण केलं. त्या हातावरच बोलला. मी रडलो. लोकांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, भाग्यवान आहात, अशी बहीण लाभली. मी मान हलवली.

वर मी लिहिलं, माझं भान गेलं होतं, पुढचं आठवत नाही. तेही खोटं आहे. सगळं आठवतं. पहिल्याच फटक्याला हाड मोडलं. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती ओरडलीसुद्धा नाही, हळूच म्हणाली, "दादा, मोडला." मी ऐकलं. अडसर खाली केला, हातात नीट धरला, आणि तिथंच आणखी दोनदा मारलं.