काढून टाकलेली रॅमडिस्क

दिघोरीत विहाराला लागून असलेल्या खोलीत आमच्या संघटनेचा एकच कॉम्प्युटर होता. कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेला, मेमरी नावापुरती. त्यावर मी लिनक्स टाकलं होतं. पत्रकं, अर्ज, निवेदनं, सगळं त्याच्यावरच. लाइट दिवसातून पाच-सहा वेळा जायची आणि दर वेळी सुरू होताना तो काळ्या पडद्यावर ओळी सोडत बसायचा. त्या वेळेचा मला राग यायचा. मला तेव्हा बहुतेक गोष्टींचा राग यायचा.

लिनक्स मला शिकवलं वरठीच्या एका दादाने. तो तिथल्या कारखान्यात कामाला, संघटनेत माझ्या आधीपासून. त्याने सांगितलं ते असं: मशीन सुरू झालं की आधी कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत येतो. त्याला हार्ड डिस्क वाचायची असते, पण डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर त्या डिस्कवरच ठेवलेले. म्हणून कर्नेलसोबत एक छोटी तात्पुरती सिस्टिम मेमरीत उतरवतात. तिच्यात ते ड्रायव्हर असतात. तीच सुरुवातीची रॅमडिस्क. ती डिस्कचं दार उघडते, कारभार खऱ्या सिस्टिमकडे देते आणि निघून जाते.

"म्हणजे दलालच," मी म्हणाले.

"दलाल कायची? थे काही खाते काय तुयं? दार उघडते अन् चालली जाते."

"मंग मालकानं आपलं दार आपण काहून नाही उघडावं?"

"उघडते न. लागतात थे ड्रायव्हर कर्नेलमंधीच पक्के करून टाक, मंग रॅमडिस्क नाही लागत. पण थो कर्नेल याच मशीनचा होऊन बसते. दुसऱ्या मशीनवर चालन, याचा भरोसा नाही. राहू दे न बाप्पा, काही सेकंदाची तर गोष्ट."

मी ऐकलं नाही. त्या वर्षी गावच्या तलावाच्या मासेमारीवरून आमचं रान पेटलं होतं. तलावात मासे धरणार ढिवर कुटुंबं, आणि मधला वाटा खाणार तालुक्याचा एक ठेकेदार. त्याच्याविरुद्ध मी तीन पत्रकं लिहिली होती आणि तिन्हींत 'मध्यस्थ हटवा' हे ठळक अक्षरांत होतं. हेच वाक्य मी मशीनलाही लावलं. त्या मशीनपुरते ड्रायव्हर आत घालून नवा कर्नेल बांधला, रॅमडिस्क पुसली, जागा वाचावी म्हणून जुना कर्नेलही पुसला. मशीन खरंच लवकर सुरू व्हायला लागलं. मी दादाला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, "जिंकली तू." त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तलावाचा पट्टा, म्हणजे मासेमारीचा हक्क, नव्याने ढिवरांच्या सोसायटीला मिळवायचा, तर सभासदांची यादी जोडून मुदतीत लाखांदूरच्या कचेरीत अर्ज द्यायचा होता. जुन्या रजिस्टरात सगळे पुरुष. माझं म्हणणं होतं, ज्या विधवा स्वतः जाळं ओढतात त्यांचीही नावं घ्या. सोसायटीचे सचिव काका पन्नाशीतले, तोंडाने तिखट. बैठकीत ते म्हणाले, "बाई जाळं वढते, थे दिसते आमाले. नावाचं काय लोणचं घालन थे?"

आमच्या घरामागे राहणारी मावशी तेवढ्यात बोलली. नवरा गेल्यापासून ती रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी असायची. ती म्हणाली, "घालन लोणचं. तुमी नाव तं द्या."

बैठक हसली आणि नावं मान्य झाली. मावशी धरून सात बायका. प्रत्येकीचा जबाब मी समोर बसून टाइप केला. ठरावही टाइप केला. सह्या छापील प्रतीवर शेवटच्या दिवशी घेऊ, असं मीच ठरवलं, कारण हाताने लिहिलेल्या कागदाला कचेरी विचारत नाही असं माझं ठाम मत होतं. पेन ड्राइव्हवर प्रत होती. ती ही नावं घालण्याच्या आधीची.

शेवटच्या दिवशी सकाळी मशीन सुरूच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही. मदरबोर्ड गेला होता. मी डिस्क काढली आणि गावातल्या सेवा केंद्राच्या मशीनला लावली. कर्नेल आला, चार-दोन ओळी पडल्या आणि थांबला. त्याला डिस्क सापडत नव्हती. या मशीनचा ड्रायव्हर त्याच्यात मी घातलाच नव्हता, आणि तो आणून देणारी रॅमडिस्क मी पुसली होती.

"ताई, तुमच्या लिनक्सले घरच दिसून नाही राहिलं," केंद्रवाला म्हणाला. त्याच्या विंडोजला माझ्या डिस्कवरचं काही वाचता येईना. दुसरं लिनक्स नेटवरून उतरवायला लावलं, ते अर्ध्यात तुटलं. दादाचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा, शिफ्ट सुटेपर्यंत मिळणार नव्हता.

सात बायका तोवर भाताच्या रोवण्याला पांगल्या होत्या, कोणी या गावात, कोणी त्या. नावं मला तोंडपाठ होती. पण ठराव आणि जबाबाशिवाय नुसती नावं कोण घेतंय?

शिफ्ट सुटल्यावर दादाशी बोलणं झालं, तो लगेच निघाला. तीनच्या सुमाराला काकांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि हाताने यादी उतरवायला घेतली.

"काका, थांबा न. दादा निघाला आहे वरठीवरून."

"मुदत थांबन काय त्याच्यासाठी?"

"बायकांची नावं राहतात."

त्यांनी पेन थांबवलं नाही. "तुया एका मशीनपायी सगळ्यांचा तलाव घालवू काय, पोरी? सांग, घालवतो."

मी रजिस्टराचं पान त्यांच्यासाठी धरून ठेवलं. काका यादी घेऊन लाखांदूरला गेले. हाताने लिहिलेला अर्ज कचेरीने मुकाट्याने घेतला.

दादा साडेचारला पोचला, धुळीने माखलेला. त्याने पेन ड्राइव्हवरचं लिनक्स लावलं, रॅमडिस्कसकट. दोन मिनिटांत माझी डिस्क उघडली. ठराव जागेवर, सातही जबाब जागेवर. मला वाटलं तो बोलेल. त्याने फक्त विचारलं, "प्रिंट काढाची काय?" मी नाही म्हटलं.

पट्टा सोसायटीला मिळाला. ठेकेदार हटला. लोकांनी माझा सत्कार केला, तोही मी मुकाट्याने घेतला, याची लाज आजही आहे. पट्टा पाच वर्षांचा, आणि मधे नवीन सभासद नकोत, असं सोसायटीच्या पुरुषांनी पहिल्याच सभेत ठरवून टाकलं. आता मासे निघाले की सभासदांचा वाटा ठरतो, आणि मावशीला रोजी मिळते. ठेकेदाराच्या वेळीही रोजीच होती.

मी सगळं तिला समजावून सांगितलं, कर्नेलपासून. ती तलावाच्या पाळीवर जाळं झटकत होती. ऐकून घेतलं.

"मंग मायं नाव कॉम्प्युटरात आहे न?"

"आहे मावशी."

"पण कागदावर नाई."

"नाही."

तिने जाळ्यात अडकलेली काडी काढून फेकली. "तू सरक थोडी," ती म्हणाली, "पाय जाळ्यावर आहे तुया."