पडायला शिकलेला गवंडी

आमच्या लोहाऱ्यात अक्कल कमी आणि टाळ्या जास्त. हे मी परक्यासारखं सांगत नाही; पहिल्या रांगेत खुर्ची टाकून टाळ्या वाजवणाऱ्यांतला मीच एक. मी रामकिसन, इथल्या कॉलेजात हेडक्लार्क. पण गोष्ट मच्छिंद्र गवंड्याची आहे.

कॉलेजच्या मागच्या भिंतीचं काम त्याच्याकडं होतं, तेव्हापासून माझी त्याची ओळख. वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं, एक गुडघा धरलेला, गालात कायम तंबाखू. ऐन उमेदीतली पाच वर्षं त्यानं कोकणात लोकांची कौलारू घरं शाकारण्यात घालवलेली. त्याची थोरली लेक संघप्रिया गेल्या पोलीस भरतीत आठशे मीटरला अर्ध्यातच बसली होती. दम पुरला नाही. पुढची भरती आठ महिन्यांवर आली होती आणि वर्दी अंगावर चढवायचीच, असं त्या पोरीनं मनाशी धरलं होतं. माझी हर्षाली तिच्याच वर्गातली. तीही भरतीला बसणार होती. दोघींची मैत्री मला फारशी आवडत नसे, हे आताच कबूल करून टाकतो.

भरतीच्या पोरांना आमच्याकडं हल्ली कराटेचा क्लास लावतात. क्लास निवडायची आमची रीत ऐका. फ्लेक्स केवढा, पट्टा किती महिन्यांत मिळतो, आणि सव्वीस जानेवारीला सर मैदानावर किती कौलं फोडतो. शिकवतो काय, हे विचारायला कुणाला सवड नसते.

त्या सव्वीस जानेवारीला उमरग्याचे लिंबाजी सर आले. पांढरा पोशाख, काळा पट्टा, पट्ट्यावर जरीनं स्वतःचंच नाव. बारा कौलं एकावर एक रचली, दोन कौलांच्या मध्ये पेन्सिली ठेवल्या. सरांनी डोळे मिटले, किंकाळी फोडली आणि हात हाणला. बाराच्या बारा कौलांचा भुगा. मैदान दणाणलं. मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर मच्छिंद्र तिथं वाकून कौलाचा तुकडा बघत होता. त्यानं तो दोन बोटांनी कडकन मोडला.

"साहेब, ह्याच्यावरनं मांजर पळालं तरी तडकतंय," तो म्हणाला. "आन् मधी पेन्सिल म्हंजी वरचंच खालच्याला फोडतंय. ह्यात सरांचं काय?"

आमच्या मुलखात घरं सपाट मातीच्या माळवदाची, नाहीतर पत्र्याची. कौल म्हणजे फरशीसारखं काहीतरी कणखर असणार, असा आमचा समज. आख्ख्या गावात कौल हाताळलेला माणूस हा एकटा. पण गवंड्यानं हेडक्लार्कला अक्कल शिकवावी, ह्याचाच मला संताप आला.

"मच्छिंद्रा, तू आपल्या विटा रच," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी हर्षालीचं नाव लिंबाजी सरांकडं घातलं.

मच्छिंद्र मात्र चार रविवार काळीपिवळी जीपमध्ये बसून उमरग्याला जात राहिला. क्लासच्या दारात बसायचा, बघायचा, उठून यायचा. असे पाच क्लास बघून झाले. काय बघतोस, म्हणून मी कुत्सितपणे विचारलं.

"शेवटच्या रांगंतल्या पोरीकडं कोण बघतंय का, त्येवढंच," तो म्हणाला. "पुढची रांग काय, दाखवायलाच आसती."

शेवटी त्याला शिवगंगा मॅडम सापडल्या. डाळमिलचं रिकामं गोदाम, भुसा भरलेल्या पोत्यांवर ताडपत्री, बाहेर साधी पाटीसुद्धा नाही. बाई ज्युदो शिकवत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दोन महिने फक्त पडायचं. आणि संघप्रियाच्या वजनाचं क्लासात कुणी नाही, तेव्हा तिला पाडायला घरचं माणूस हवं. तिची आई केशरबाई म्हणाली, "म्या न्हाय बाई." उरला मच्छिंद्र.

मग काय, गावाला करमणूकच झाली. पहाटे विहारामागच्या मोकळ्या जागेत बापलेक एकमेकांना पाडायचे. खांदा आत, हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर सपकन, की उभे. मग गावच्या रस्त्यानं पळायचे. लोक दात काढायचे. स्टाफरूममध्ये मी त्याच्या पडण्याची नक्कल करून दाखवायचो आणि प्राध्यापक म्हणवणारी माणसं चहा सांडेपर्यंत हसायची. एवढा वेळ आम्हाला मिळतो.

तिकडं हर्षालीचे पट्टे भराभर बदलत होते. पिवळा, हिरवा, तपकिरी, आणि सातव्या महिन्यात काळा. प्रमाणपत्र फ्रेम करून मी दिवाणखान्यात लावलं. पळायचं काय, असं तिनं विचारलं तर सर म्हणाले, ब्लॅक बेल्टला पळायची गरज पडत नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते चारचौघांत सांगत सुटलो. मच्छिंद्राचं पोट मात्र गेलं होतं, तंबाखूही सुटली होती. ते मला दिसत होतं, पण स्टाफरूममधली माझी नक्कल चालूच होती.

भरतीचं मैदान धाराशिवला. आम्ही दोघे बाप जाळीबाहेर उभे. आठशे मीटरला पोरी सुटल्या. दुसऱ्या फेरीच्या वळणावर घोळका झाला, कुणाचा तरी पाय कुणात अडकला आणि तीन पोरी कोसळल्या. त्यांत आमच्या दोघीही होत्या.

संघप्रियाचा खांदा आत वळला, ती गोल फिरली आणि उठून पळूही लागली. हर्षालीनं हात सरळ पुढं टेकला. ती उठली नाही. मनगट धरून तिथंच बसली आणि जाळीकडं, माझ्याकडं बघू लागली. मी काय करणार होतो? टाळ्या वाजवायच्या एवढंच मला येत होतं.

मच्छिंद्र फाटकाकडं धावला. शिपायाच्या हातापाया पडून आत शिरला, गळ्यातला गमजा काढून हर्षालीचा हात त्यानं झोळीत बांधला. सात महिने ज्या शर्यतीसाठी तो पोरीबरोबर मातीत लोळला, ती संपताना त्यानं पाहिलीच नाही.

संघप्रियाचं नाव यादीत लागलं. लिंबाजी सरांना मी फोन केला, तर म्हणाले, "शर्यतीत पडायचंच नसतं." मी फ्रेम खाली उतरवली.

प्लास्टर निघालं, मनगट पुन्हा बळावलं, तेव्हा हर्षालीला घेऊन मी त्या गोदामात गेलो. लेक नोकरीला लागली तरी मच्छिंद्र दर रविवारी तिथं येत होता. शिवगंगा मॅडमनी हर्षालीला खालीवर न्याहाळलं आणि मला विचारलं, "हिला पाडणार कोण?"

मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"चपला काढा, साहेब," मच्छिंद्र म्हणाला. "आधी तुमी शिका. लई सोपं हाय. फकस्त हात पुढं टेकायचा न्हाय."

मी चपला काढल्या. त्यानं माझ्या शर्टाची कॉलर अदबीनं धरली आणि मला पाडलं. गोदामात कुणी टाळी वाजवली नाही.